दुसऱ्या दिवसाचा हिशोब : एमई/सीएफएससह जगणे आणि त्यावरचे संशोधन

हळदगाठ (सांगली)

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे एमई/सीएफएस, झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण "आज कसं वाटतंय?" असे विचारतो. या आजारात त्याहून उपयोगी प्रश्न "परवा काय केलं होतं?" हा आहे आणि तो बहुतेक वेळा डॉक्टरही विचारत नाहीत. हा धागा त्या प्रश्नासाठी काढला आहे.

मी विश्रामबागेत राहते. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड झाला. तो घरच्या घरीच बरा झाला, ऑक्सिजनही कधी खाली गेला नाही. परंतु त्यानंतर अंगात जे राहिले ते आजतागायत गेलेले नाही. रक्ताचे अहवाल नॉर्मल येत गेले आणि प्रत्येक नॉर्मल अहवालाबरोबर माझ्या सांगण्यावरचा इतरांचा विश्वास उडत गेला. पुढे एका डॉक्टरांनी निवांत विचारपूस करून निदान केले.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये सुचवलेले निकष असे आहेत: सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीची कामे करण्याची क्षमता लक्षणीय घटलेली असणे आणि सोबत विश्रांतीने न जाणारा थकवा असणे, श्रमानंतर प्रकृती खालावणे, झोपून उठल्यावरही ताजेतवाने न वाटणे, आणि यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे यांपैकी किमान एक. यातला श्रमानंतर खालावण्याचा निकष, ज्याला डॉक्टर मंडळी 'पेम' म्हणतात, हा या आजाराचा कणा आहे.

केस धुण्याचेच उदाहरण घेते. न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, मध्ये थांबत थांबत मी न्हाते आणि डोक्याला पंचा गुंडाळून लगेच आडवी होते. त्या संध्याकाळी मी बरी असते, गवारीच्या शेंगाही निवडते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घसा खवखवू लागतो, मानेतल्या गाठी दुखतात, दंड उचलवत नाहीत, आणि दुधाचे किती द्यायचे असे कोणी विचारले तर साधी बेरीज जमत नाही. भेटायला आलेली माणसे पहिल्या दिवशी येतात आणि "चेहऱ्यावर तर चांगलं तेज आहे" असे सांगून जातात.

म्हणून मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर त्या दिवशी काय केले ते, म्हणजे किती वेळ उभी होते, किती वेळ बोलले, काय वाचले, जिने चढले का, घरात भांडण झाले का. उजव्या पानावर त्यानंतरच्या दोन दिवसांची प्रकृती. काही महिन्यांतच दिसून आले की तासभर फोनवर बोलणे हे दोन खोल्या झाडण्याइतकेच महाग पडते. मनगटी घड्याळावर नाडीची मर्यादाही लावली आहे. पूर्ण विश्रांतीच्या वेळची नाडी अधिक पंधरा, एवढ्याच्या वर गेले की घड्याळ थरथरते आणि मी असेन तिथे बसते. ही मर्यादा काही तज्ज्ञांची शिफारस आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे, याची मला जाणीव आहे.

सांगली, सातारा भागात हा आजार घेऊन जगणारे कोणी असतील तर त्यांनी आपला क्रम कसा बसवला ते लिहावे. संशोधनाचे वाचन असणाऱ्यांनी त्याबद्दल लिहावे. "सकारात्मक राहा" एवढेच सांगायचे असेल तर ते पोचले असे समजावे.

बागाईतदार

ताई, मी तासगाव तालुक्यातला. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट वाढल्या, ताप गेला, पण माणूस पूर्वीसारखा झाला नाही. तुम्ही लिहिलेले दुसऱ्या दिवसाचे वर्णन त्याला वाचून दाखवले तेव्हा तो उठून बसला आणि "हेच, हेच" म्हणाला. आम्ही त्याला आळशी समजत नव्हतो, पण गाव समजते, आणि त्याच्या बायकोला पाण्याला गेल्यावर ते ऐकावे लागते.

माझी अडचण वेगळी आहे. द्राक्षबाग थांबत नाही. फळछाटणी झाली की पेस्ट, मग फेलफूट काढणे, डिपिंग, विरळणी, आणि मध्ये पाऊस आला तर डावणी या बुरशीरोगासाठी रात्री-अपरात्री ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, काढावा लागतो. भाऊ बरे वाटेल त्या दिवशी घरात बसत नाही, टोळीबरोबर दिवसभर उभा राहतो आणि मग आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडतो. त्याला कसे आवरावे हे कळत नाही. गावातले डॉक्टर ताकदीचे सलाईन लावतात, त्याने दोन दिवस बरे वाटते असे तो सांगतो. ते चालू ठेवावे का?

मिरज_फिजिशियन

दोघांच्या लिखाणात बरेच नेमके आले आहे, त्यामुळे मी वैद्यकीय बाजू तेवढी मांडतो.

हे निदान करण्याआधी इतर कारणे नीट तपासलीच पाहिजेत, आणि आपल्या भागात ती कारणे भरपूर आहेत. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, रक्तशर्करा, मूत्रपिंड व यकृत, ईएसआर, बी१२ हे किमान पाहावे. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते की ती भरून काढल्याशिवाय पुढचा विचार करू नये. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर क्षयरोगाचा शोध घ्यावा. घोरणाऱ्या माणसाची झोप तपासावी. सीलिअॅक हा गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, तो गव्हाच्या अॅलर्जीहून वेगळा आहे, त्याचीही चाचणी असते. या सगळ्यातून काही निघाले नाही म्हणजे "तुम्हाला काही झालेले नाही" असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

नैराश्याविषयी नेहमी विचारले जाते. नैराश्यात बहुधा इच्छाच मावळते. या आजारात इच्छा शाबूत असते, बागाईतदारांचा भाऊ टोळीबरोबर उभा राहतो ती इच्छाच आहे, आणि शरीर नंतर त्याची वसुली करते. नैराश्याच्या रुग्णाला फिरून आल्यावर अनेकदा हलके वाटते. पेम असलेला रुग्ण फिरून आल्यावर दुसऱ्या दिवशी झोपून राहतो. दोन्ही एकाच माणसात असूही शकतात, तेव्हा नैराश्याचा उपचार टाळू नये.

एक साधी तपासणी दवाखान्यात करता येते. रुग्णाला काही मिनिटे आडवे ठेवून नाडी व रक्तदाब घ्यावा, मग भिंतीला पाठ टेकवून दहा मिनिटे उभे करावे आणि दर मिनिटाला मोजावे. प्रौढ माणसाची नाडी तीसने किंवा अधिक वाढली आणि रक्तदाब मात्र पडला नाही, तर पॉट्स या विकाराची शंका घ्यावी. शेजारी माणूस उभा पाहिजे, कारण रुग्ण कोसळू शकतो.

यातच सलाईनचे उत्तर आहे. उभे राहिल्यावर ज्यांचे रक्त पायांत साचते त्यांना शिरेतून पाणी आणि मीठ गेल्यावर काही काळ बरे वाटते, ते खोटे नसते. पण ही मूळ आजारावरची उपाययोजना नव्हे आणि वारंवार सुई टोचण्याचे स्वतःचे धोके आहेत. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून तोंडावाटे पाणी व मीठ वाढवावे, पायांना घट्ट मोजे घालावेत. सलाईनमधून आणखी काही दिले जाते का, विशेषतः स्टेरॉइड, ते स्पष्ट विचारून घ्यावे. स्टेरॉइडने दोन दिवस तरतरी येते आणि पुढे हाडे, साखर, प्रतिकारशक्ती यांचे नुकसान होते.

योगानंदी

मी असहमत आहे. शरीर वापरले नाही तर ते गंजते हा आपल्या परंपरेचा अनुभव आहे. रोज एक सूर्यनमस्कार वाढवत नेला तर शरीराला हळूहळू सवय होईल. विश्रांतीच्या नावाखाली माणूस अधिक दुबळा होत जातो. परदेशातील अभ्यासांनीही क्रमाने व्यायाम वाढवण्याचा लाभ दाखवला आहे असे माझ्या वाचनात आहे.

विदा_सातारा

योगानंदी, आपण ज्या अभ्यासाचा उल्लेख करत आहात तो बहुधा ब्रिटनमधला पेस नावाचा प्रयोग असावा. २०११ मध्ये तो लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६४१ रुग्ण होते, आणि क्रमाने व्यायाम वाढवणे व बोधात्मक वर्तनोपचार (विचार व सवयी बदलण्याचा मानसोपचार) यांनी रुग्णांत सुधारणा होते असे त्यात म्हटले होते. त्याची आकडेवारी कशी मोजली गेली हे पाहण्यासारखे आहे, आणि मी तो विषय शिकवत असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

शारीरिक क्षमता मोजायला शून्य ते शंभर गुणांची एक प्रश्नावली वापरली होती. गुण जास्त म्हणजे क्षमता जास्त. प्रयोगात प्रवेश मिळण्यासाठी ६५ किंवा त्याहून कमी गुण असणे आवश्यक होते, म्हणजे तेवढा माणूस आजारी आहे असे मानले होते. मूळ आराखड्यात बरे झाल्याचा निकष ८५ गुणांचा होता. नंतर तो बदलून ६० करण्यात आला. ६५ गुणांनी आत आलेला रुग्ण वर्षभरात ६० वर घसरला, तरी या एका निकषापुरता तो बरा झालेल्यांत बसू शकत होता! बरे होण्यासाठी इतरही निकष होते हे खरे, पण परीक्षेला बसण्याच्या पात्रतेपेक्षा उत्तीर्ण होण्याचे गुण कमी ठेवले तर निकालाला काय अर्थ राहतो, हे विद्यार्थीसुद्धा सांगेल.

रुग्णांनी मूळ माहिती मागितली, ती नाकारली गेली, आणि अखेर २०१६ मध्ये ब्रिटनमधील न्यायाधिकरणाने ती देण्याचा आदेश कायम केला. ती माहितीच्या अधिकाराखाली मागणारा माणूस स्वतः या आजाराचा रुग्ण होता. मूळ आराखड्याच्या निकषांनी पुन्हा मोजल्यावर बरे झालेल्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून एक आकडी टक्क्यांवर आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असे स्पष्ट लिहिले.

शरीराला सवय होते हे निरोगी माणसासाठी खरेच आहे. परंतु या रुग्णांची सायकलवरची श्रमचाचणी लागोपाठ दोन दिवस घेतली असता वेगळे चित्र दिसते. बैठे काम करणारा निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढेच काम करतो. या रुग्णांपैकी अनेकांची क्षमता दुसऱ्या दिवशी खाली येते. पहिल्या दिवशीचीच चाचणी घेतली तर तो फरक दिसत नाही. २०२४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी पेम असलेल्या लाँग कोविडच्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे श्रमाआधी आणि श्रमाच्या दुसऱ्या दिवशी तपासले, तेव्हा स्नायूतील बिघाड श्रमानंतर वाढल्याचे आढळले. हळदगाठ यांच्या वहीची डावी-उजवी पाने म्हणजे याच चाचणीची घरगुती आवृत्ती आहे.

भारताविषयी एक गोष्ट. गोव्यातील स्त्रियांच्या थकव्याचा विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सुमारे अडीच हजार स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून जुन्या थकव्याची तक्रार केली. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही. घरावरचे कर्ज, अपुरे अन्न, नवऱ्याकडून होणारी हिंसा, मानसिक त्रास यांच्याशी आढळला. तो अभ्यास थकव्याच्या तक्रारीचा आहे, या आजाराचा नाही. तरीही आपल्याकडे रोगी मोजायला कोणी निघाले तर त्याने दोन्ही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, नाहीतर कर्जाने पिचलेली बाई आणि पेमने झोपलेली बाई एकाच रकान्यात पडतील आणि दोघींनाही एकच गोळी मिळेल.

योगानंदी

६५ आणि ६० चा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मग प्राणायाम आणि योगनिद्रा यांनाही आपला विरोध आहे का?

हळदगाठ

नाही. आडवे पडून केलेली योगनिद्रा मला उपयोगी पडते, झोपेआधी मी ती रोज करते. "रोज एक वाढवा" या अटीला माझा विरोध आहे. शरीर कोणत्या दिवशी किती देईल हे कॅलेंडर ठरवू शकत नाही. सूर्यनमस्कारात तर डोके खाली-वर होते, मला दुसऱ्यालाच घेरी येते.

कंदी_पेढा (सातारा)

मी पोवई नाक्याजवळ राहतो, कार्यालयीन नोकरी करतो. आजाराइतकाच त्रास कागदांचा झाला. रजा मागायला गेलो तेव्हा "आजाराचे नाव यादीत दाखवा" असे उत्तर मिळाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यांत जुनाट मज्जासंस्थाविकारांचा प्रकार आहे, पण या आजाराचे नाव घेऊन उल्लेख नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १९६९ पासूनच मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिसची, म्हणजे आपल्या आजाराच्या नावातल्या 'एमई'ची, नोंद मज्जासंस्थेच्या विकारांत केलेली आहे. हा मुद्दा डॉक्टरांच्या पत्रात लिहून घेतला, सोबत आडवे व उभे असतानाच्या नाडीचा तक्ता जोडला, तेव्हा वरिष्ठांनी निदान बसून काम करण्याची आणि दुपारी अर्धा तास आडवे होण्याची मुभा दिली. पत्रात "रुग्णास थकवा आहे" असे मोघम लिहून घेऊ नये. "सलग अमुक मिनिटांपेक्षा अधिक उभे राहिल्यास चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी प्रकृती खालावते" असे लिहून घ्यावे. आकडा असला की साहेब वाचतात.

ज्यांचे घर वरच्या मजल्यावर आहे त्यांनी जमल्यास तळमजला बघावा. आम्ही तेच केले. अजिंक्यतारा खिडकीतून दिसायचा तो आता दिसत नाही, पण जिना वाचला.

पुष्करिणी

वाचते आहे. माझ्या आईची लक्षणे जुळतात. तपासण्यांची यादी टिपून घेतली, मिरज_फिजिशियन यांचे आभार.

बागाईतदार

डॉक्टरसाहेब, सलाईन बंद केले. भावाची उभी राहण्याची तपासणी केली, नाडी आडवे असताना ७४ होती ती उभे राहिल्यावर ११० च्या वर गेली. आता पुण्यातल्या एका ठिकाणी प्रतिकारशक्ती 'रीसेट' करण्याचा कोर्स सांगत आहेत, खर्च लाखात आहे. बेदाण्याचे सौदे झाले की पैसे येतील, तेव्हा घ्यावा का, असा विचार चालू आहे.

मिरज_फिजिशियन

तो नाडीचा कागद आणि भाऊ, दोघांना घेऊन जवळच्या फिजिशियनकडे जा. पॉट्सवर औषधे आहेत आणि ती बेतशीर किमतीची आहेत.

कोर्सविषयी एक गोष्ट सांगतो. नॉर्वेतील बर्गेनचे ओइस्टाइन फ्लूगे आणि ओलाव मेल्ला हे कर्करोगतज्ज्ञ. रिटुक्सिमॅब या औषधाने त्यांच्या काही रुग्णांचा थकवा कमी झाल्याचे त्यांनी पाहिले, आणि २०११ मध्ये एका लहान प्रयोगाचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगभर खळबळ उडाली, अनेक रुग्ण स्वखर्चाने ते औषध घेऊ लागले. याच दोघांनी मग १५१ रुग्णांचा मोठा, आंधळा प्रयोग केला, म्हणजे कोणाला खरे औषध मिळते हे रुग्णांना कळू दिले नाही. त्यात औषध आणि औषध नसलेले द्रावण यांत फरक दिसला नाही, आणि ते त्यांनी २०१९ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. प्रामाणिक संशोधक असे वागतो. ज्या ठिकाणी तुलनेचा गट नाही, कोणाला उपयोग झाला नाही याची नोंद नाही आणि पैसे आधी मागितले जातात, तिथे बेदाण्याचा पैसा घालू नका.

विदा_सातारा

यात एक भर. ऑगस्ट २०२५ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या डिकोडएमई या प्रकल्पाचे प्राथमिक निष्कर्ष आले. १५,५७९ रुग्णांच्या जनुकांची तुलना निरोगी लोकांशी केली असता जनुकसंचात आठ ठिकाणी फरक आढळले, आणि त्यांतील काही प्रतिकारशक्तीशी व मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. एकेका फरकाचा परिणाम लहान असतो, त्यावरून निदानाची चाचणी होत नाही. शिवाय हे सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत, त्यामुळे तासगावच्या माणसाला ते किती लागू पडतात हे आपल्याकडे तसे काम झाल्यावरच समजेल.

असे काम व्हायला महानगर लागते असेही नाही. ऑस्ट्रेलियातील डब्बो हे सांगलीहूनही लहान, शेतीवाडीचे गाव. तिथे ग्रंथिज्वर, क्यू फीवर आणि डासांमुळे होणारा रॉस रिव्हर ताप आलेल्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा केला, त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. सहा महिन्यांनी त्यांतील सुमारे ११ टक्के लोक या आजाराच्या निकषांत बसत होते. जंतू तीन वेगवेगळे असूनही मागे राहिलेला आजार सारखाच होता, आणि तो कोणाला राहील हे मुख्यतः सुरुवातीचा ताप किती तीव्र होता यावरून ठरत होते, स्वभावावरून नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदले जातात. सहा महिन्यांनी त्याच लोकांना फोन करून "श्रमानंतर दुसऱ्या दिवशी काय होते?" एवढे विचारायला फार मोठे अनुदान लागणार नाही. कृष्णाकाठच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

मिरज_फिजिशियन

विषय चांगला आहे. माझ्याकडे येणाऱ्या निवासी डॉक्टरांपुढे ठेवतो. नैतिकता समितीची परवानगी आणि प्रश्नावलीचे मराठीकरण ही दोन कामे आधी करावी लागतील.

हळदगाठ

प्रश्नावलीच्या मराठीसाठी मी मदत करीन, मात्र एका बैठकीत एक पान.

बागाईतदार दादा, भावाला आवरण्याविषयी तुम्ही विचारले होते. त्याला बागेत जाऊच नको असे सांगितलेत तर तो ऐकणार नाही आणि मनाने खचेल, ते वेगळेच. छाटणीच्या दिवशी बागेच्या कडेला सावलीत बाज टाका आणि टोळीचा हिशोब, फवारणीची नोंद, औषधांचे प्रमाण यांपैकी एकच काम त्याच्याकडे द्या. डोक्याच्या कामालाही तेवढीच शक्ती लागते, म्हणून तेही तासाभरात थांबले पाहिजे आणि थांबण्याची वेळ आधी ठरलेली पाहिजे, कारण बरे वाटत असताना थांबणे हेच त्याला सर्वांत अवघड जाणार आहे. घड्याळ घेणे झाले नाही तरी मोबाइलचा गजर चालेल. त्यानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवून तो कसा आहे ते पाहा. त्रास झाला नाही तर पुढच्या वेळी तेवढेच काम द्या, वाढवू नका. रात्रीचा ब्लोअर मात्र त्याच्याकडे अजिबात देऊ नका, झोपमोड आणि श्रम एकत्र आले की माझ्या वहीतली उजवी पाने कोरी राहतात, कारण लिहायलाही उठवत नाही. गावाला काय सांगायचे ते त्याच्या बायकोवर सोडू नका. पाण्यावर बोलणाऱ्यांच्या घरच्या पुरुषांशी तुम्हीच बोला.

बागाईतदार

बाज आणि गजर, दोन्ही करतो. छाटणी पुढच्या पंधरवड्यात आहे. वही आजच आणली, दोन पानांवर रेघा त्यानेच मारल्या. झाल्यावर इथेच लिहीन.